मानाची शिडी

१

कुलूप शाबूत होतं, किल्ली जागेवर होती, खोलीत साठच्या साठ शिड्या उभ्या होत्या, आणि तरीही एक शिडी चोरीला गेली होती.

ही तिरपागडी बातमी ऐकवायला शिड्यांच्या कारखान्याची गाडी सकाळी साडेआठला काटाकाकांच्या दारात आली, तेव्हा काका बनियनवर बसून दाढी करत होते. तीस वर्षं त्यांनी त्या कारखान्याचं टेस्टिंग सांभाळलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तिथे काही अडलं की आधी त्यांचीच आठवण व्हायची. काटा हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तो तराजूचा काटा, इकडे नाही की तिकडे नाही. "तराजूचा म्हणे! कुठला काटा ते मला विचारा," असं त्यांची बायको म्हणायची, पण तीही हे चारचौघांत जरा फुशारकीनंच सांगायची.

कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. वडलांच्या मागे सहा वर्षं त्याच कारभार बघत होत्या. काकांनी त्यांना दोन वेण्या घालून गोदामात लपाछपी खेळताना पाहिलं होतं, पण खुर्चीचा मान म्हणून ते त्यांना 'तुम्ही'च म्हणायचे.

"काका, पंधरा दिवसांपूर्वी एक रंगारी आपल्या शिडीवरून पडला," कारखान्यात पोचल्यावर ताई त्यांना केबिनमध्ये बसवून म्हणाल्या. "चौथी पायरी मोडली. कण्याला मार बसलाय. परत चालेल की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत."

"कानावर आलं होतं."

"लॉट नंबर एकशे सतरा. त्या लॉटच्या चारशे शिड्या लोकांच्या घरात आहेत. आपण बोलतोय ना, आत्तासुद्धा त्यातल्या एखादीवर कुणीतरी चढलेलं असेल." ताईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "उद्या अकराला सरकारी तपासनीस येतायत. एकशे सतराचा राखीव नमुना त्यांच्यासमोर वजन लावून तपासायचा. पास झाला, तर रंगाऱ्यानं शिडी चुकीची लावली. नापास झाला, तर चारशेच्या चारशे परत बोलवायच्या. तसं मी लिहून दिलंय."

"मग अडलं कुठे?"

"नमुनाच गायब आहे! आता जो तो म्हणणार, बाईनंच लंपास केला. मी नाही केला, काका. उद्या अकराच्या आत तो मला शोधून द्या."

"आणि तो नापास झाला तर?"

ताई खिडकीतून खाली बघत राहिल्या. "तर यंदा नफ्याचं तोंड दिसणार नाही. नवं गोदाम राहिलंच. पण आधी सापडू तर द्या."

२

नमुन्याची पद्धत काकांनीच बसवलेली. प्रत्येक लॉटमधली एक शिडी टेस्टिंगला यायची. तिच्या एकेका पायरीला दीडशे किलोची पोती टांगायची. टिकली की तिच्यावर लॉटचा नंबर ठोकायचा, लेबल बांधायचं आणि तिला कुलपात ठेवायचं. उद्या तक्रार आली, तर त्याच शिडीला जाब विचारायचा. ही पद्धत बघायला बाहेरचे लोक यायचे, आणि काका त्यांना ती इतक्या वेळा समजावून सांगायचे की पाहुणे घड्याळाकडे बघू लागायचे.

खोलीची किल्ली किल्लीमामांच्या गळ्यात असायची. मामा म्हणजे स्टोअरकीपर. आंघोळीलाही ती किल्ली काढत नाहीत अशी त्यांची ख्याती.

"साठ होत्या, साठ आहेत," मामा तणतणले. "मी रोज मोजतो. चोरी कसली डोंबलाची!"

"मग एकशे सतरा नंबर दाखवा."

"तेवढा नाही."

"साठातली एक नाही आणि तरी साठ भरतात. म्हणजे एक आगंतुक आहे, मामा."

मामा पुन्हा बोटानं शिड्या मोजू लागले. त्यांनी जन्मभर शिड्या मोजल्या होत्या, बघितल्या नव्हत्या.

काका गुडघ्यांवर बसले आणि शिड्यांचे पाय बघत सरकू लागले. प्रत्येक शिडीला खाली रबरी बूट असतात. एकोणसाठ शिड्यांचे बूट कोरे करकरीत होते. नमुन्याची शिडी कुणी वापरत नाही, तिचे झिजणार कुठून! कोपऱ्यातल्या एकीचे मात्र एका अंगाला घासून गुळगुळीत झाले होते. नंबर नाही, काही नाही. रोजच्या वापरातली शिडी. एक आत आली होती आणि एक बाहेर गेली होती.

शेजारी भिंतीवरच्या खिळ्याला एकशे सतराचं लेबल लटकत होतं. काकांनी दोरा हातात घेतला. तो कापलेला नव्हता, तोडलेला नव्हता. गाठ नखानं सावकाश सोडवलेली होती.

'लेबलाचा दोरा कापायचा नाही, सोडवायचा. लेबल म्हणजे शिडीची जबानी आहे.' तीस वर्षं काका टेस्टिंगच्या पोरांवर हेच ओरडले होते. बाकीच्या कारखान्यात गाठ सोडवण्याइतका धीर कुणाकडे होता?

"मामा, या खोलीत शिडी घेऊन कोण येतं?"

"फूटपट्टी. महिन्यातून एकदा वरच्या फळ्या पुसायला. टेस्टिंगची शिडी घेऊन आत जाते, शिडी घेऊन बाहेर येते. परवा सोमवारीच येऊन गेली की."

फूटपट्टी म्हणजे टेस्टिंगची आताची मुख्य. शिडशिडीत, चष्मेवाली, मोजल्याशिवाय बोलायची नाही म्हणून ते नाव पडलेलं. काकांनीच तिला घडवलं होतं. पाहुण्यांना ते सांगायचे, "ही माझ्या जागी बसली म्हणून मला घरी झोप लागते."

काकांनी लेबल खिशात घातलं. मामांना ते काहीच बोलले नाहीत.

३

ती आपणहून असं करणार नाही, हे काकांनी जिना चढतानाच ठरवून टाकलं. कुणीतरी करायला लावलं असणार. आणि नमुना नाहीसा झाल्यावर सुटणारा माणूस एकच होता: ताईंचा भाऊ. खरेदी आणि उत्पादन तो बघायचा. त्याला सगळे धाकटे म्हणत.

"या काका! माझ्यावरच संशय असणार, बसा," धाकटे म्हणाले. "हो, पाइप मी पातळ केला. चोरून नाही केला, ताईची सही आहे. चार वर्षांत तीनदा केला. पहिल्यांदा जरासा. टेस्टिंगला शिडी पाठवली, पास. मग आणखी जरासा. पास. मग आणखी. नफा असाच निघतो, काका, केसाकेसानं."

"आणि माणूस पडला."

"पडला, त्याचं मलाही वाईट वाटतं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण मी टेस्टिंगला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकलेलं नाही. तुमच्याच पद्धतीनं गेलो. टेस्टिंगनं पोती लटकवलेली शिडी हो म्हणाली म्हणून मी हो म्हणालो. आणि नमुना मी पळवीन? अहो, तोच तर माझा एकुलता एक साक्षीदार आहे!"

हे खरं होतं. काकांना ते खरं आहे हे कळलं आणि बरं वाटलं नाही.

त्यांनी टेस्टिंगचं रजिस्टर मागवलं. फूटपट्टीचं मोत्यासारखं अक्षर. वजनाच्या रकान्यावरून बोट खाली सरकू लागलं. नऊ किलो शंभर. नऊ किलो एकशेवीस. नऊ किलो शंभर. पानं उलटली, वर्षं उलटली, पाइप तीनदा पातळ झाला, आणि नमुन्याचं वजन जागचं हललं नव्हतं.

काका तडक अंगणात गेले. माल भरायला शिड्यांचा ढीग लागला होता. त्यांनी वरचीच एक ओढली आणि काट्यावर ठेवली.

सात किलो चारशे.

त्यांनी ती उतरवली, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवली. सात किलो चारशे.

फूटपट्टी खोटं वजन लिहीत असेल? छे. कपाळाला बंदूक लावली तरी ती खोटा आकडा लिहिणार नाही. म्हणजे टेस्टिंगला येणाऱ्या शिड्या खरोखरच नऊ किलोच्या होत्या. लोकांच्या घरी एक शिडी जात होती आणि टेस्टिंगला दुसरीच येत होती.

ती कोण करत होतं?

४

वस्ताद कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर. रिबिट मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काका त्याच्या बाकड्याशी गेले तेव्हा तो डबा झाकत होता.

"वस्ताद, टेस्टिंगला जाणारी शिडी कोण करतं?"

"कोण म्हणजे? मी. सकाळी भोंग्याच्या आधी तासभर येतो. निवांत असतं, हात चांगला चालतो."

"ढिगातली उचलून का देत नाही?"

वस्तादानं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी त्याला चपला घालून जेवायला बसायला सांगितलं. "त्या पापुद्र्याची? तुमच्या टेस्टिंगला? मान खाली जाईल हो माझी. जुना जाड पाइप मी राखून ठेवलाय, खास त्या शिडीसाठी. धाकट्यांनी काय पातळ करायचं ते करू देत, टेस्टिंगला गेलेली माझी शिडी कधी वाकली नाही. विचारा फूटपट्टीला!"

"हे असं वेगळी शिडी करायचं तुला सांगितलं कुणी?"

वस्ताद हसायला लागला. आधी मोकळेपणानं हसला, मग काकांचा चेहरा बघून थांबला. "थट्टा करता काय, काका? तुम्हीच की."

आणि काकांना सगळं आठवलं.

सव्वीस वर्षांपूर्वी एक बडं गिऱ्हाईक आलं होतं. नमुन्याच्या शिडीत एक रिबिट वाकडं निघालं. थोरल्या मालकांना, म्हणजे ताईंच्या वडलांना, त्यानं सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावलं. त्या संध्याकाळी काकांनी कारागिरांना गोळा केलं होतं. तरुण होते, रक्त गरम होतं. 'टेस्टिंगला येणारी शिडी म्हणजे आपली इभ्रत,' ते म्हणाले होते. 'हाताला लागली ती उचलून देऊ नका. मन लावून वेगळी करा.' टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून तिचं नावच पडलं, मानाची शिडी. ती करायला मिळणं हा कारागिराचा सन्मान होता. वस्तादाच्या आधी त्याचा गुरू ती करायचा.

काका रोज सकाळी चहाचा पेला घेऊन या बाकड्याशी उभे राहायचे. ती घडताना बघायचे. वा, वा म्हणायचे. मग तीच शिडी टेस्टिंगला नेऊन तिला पोती टांगायचे, आणि ती टिकली की सही ठोकायचे. बावीस वर्षं! शिडी वस्तादाची तपासली आणि भरवसा ढिगाचा दिला. हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती. सगळं डोळ्यांसमोर होत होतं, आणि तराजूच्या काट्याच्या डोक्यात ते एकदाही आलं नव्हतं.

त्यांचे कान तापले. एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि समोर वस्ताद घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानं विचारत होता, "काही चुकलं का माझं?"

"तुझं नाही," काका म्हणाले आणि तिथून जवळजवळ पळालेच.

५

फूटपट्टी टेस्टिंगच्या खोलीत एकटीच होती. काकांनी लेबल तिच्या टेबलावर ठेवलं.

"गाठ सोडवलीस. कापली असतीस तर मी अजून भलत्याच्या मागे फिरत असतो."

ती उठून उभी राहिली. नाकारण्याचा प्रयत्नसुद्धा तिनं केला नाही. "त्या आत ठेवलेल्या शिडीला हे लेबल बांधलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण खोट्या शिडीला खरं लेबल बांधवेना."

"शिडी कुठे आहे?"

"पाण्याच्या टाकीला लावलीय. तीन दिवस सगळे तिच्यासमोरून जातायत. आपल्याकडे शिडी कोण बघतं, काका?"

"का केलंस?"

"तो रंगारी पडला, त्या दिवशी मी ढिगातली एक वजन करून बघितली." तिनं चष्मा काढला. "चार वर्षं मी वजन लिहितेय. पाइप पातळ झाल्याचं ऐकत होते, आकडा तोच लिहीत होते. दोन्ही एकत्र कधी मनात आणलंच नाही. नमुना उद्या तपासला असता ना काका, तर तो पास झाला असता. झोकात पास झाला असता. आणि तो माणूस खोटा पडला असता. नमुनाच नसला तर तपासनीस ढिगातली उचलतील, पोती टांगतील, खरं काय ते बाहेर येईल."

"ताईंना सरळ सांगायचं होतंस."

ती लेबलाचा दोरा बोटाला गुंडाळू लागली.

"बोल ना!"

"तुमचं नाव घ्यावं लागलं असतं," ती म्हणाली. "ही रीत कुणी पाडली, हा पहिला प्रश्न आला असता."

काका स्टुलावर बसले. ही मुलगी चोर ठरायला तयार झाली होती, नोकरीवर पाणी सोडायला तयार झाली होती, ते कशासाठी, तर त्यांच्या नावाला डाग नको म्हणून. आणि सकाळपासून ते हिलाच पकडायला निघाले होते.

"चल," ते म्हणाले. "ती शिडी उचल. एकटीनं नको, मी धरतो एका बाजूनं."

६

ताईंच्या केबिनमध्ये ती शिडी भिंतीला टेकून उभी राहिली तेव्हा धाकट्यांनी हुश्श केलं. "सुटलो! काका, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला पाहिजे."

"आधी ऐका," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. बूट, गाठ, वजनाचा रकाना, वस्तादाची सकाळ. स्वतःपाशी आले तेव्हाही त्यांनी ते वाक्य गाळलं नाही. "ही रीत माझी. धाकटे दरवेळी शिडीला विचारत होते, आणि मी त्यांना दुसऱ्याच शिडीचं उत्तर मिळायची सोय करून ठेवली होती. पहिल्याच वेळी ढिगातली तपासली असती, तर पाइप तिथेच थांबला असता."

धाकट्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"हे पाच जणांनाच ठाऊक आहे," धाकटे सावकाश म्हणाले. "ताई, नमुना सापडलाय. उद्या तपासू दे, पास होईल. रंगाऱ्याला आपण माणुसकी म्हणून मदत करू, भरपूर करू. उद्यापासून जाड पाइप. बोंबाबोंब नको, काही नको. तीनशे घरं आहेत गं आपल्यावर."

काकांच्या मनात एक क्षण, अगदी एकच क्षण, हो आलं. सगळं झाकलं जाणार होतं. बायको चारचौघांत फुशारकी मारत राहणार होती. तो क्षण त्यांना स्वतःला दिसला आणि त्यांनी मान खाली घातली.

ताई त्यांच्याकडे बघत होत्या. "काका, तुम्ही ती शोधायलाच नको होती!" त्या एकदम ओरडल्या. "नसती सापडली तर मी चोर ठरले असते, एवढंच. आता मला ठरवायला लागतंय!"

"हो," काका म्हणाले. "माझ्यामुळे लागतंय."

ताईंनी खण ओढला आणि एक कागद काढला. "मागच्या आठवड्यात मी त्या रंगाऱ्याला पत्र पाठवलं. 'आमची प्रत्येक शिडी तपासलेली असते, तरी ती लावताना आपल्याकडून चूक झाली असावी.' खाली माझी सही." त्यांनी कागद टेबलावर पालथा टाकला. "बाबा असते तर मला या खुर्चीत बसूच दिलं नसतं."

त्या उठल्या. "चारशे नाही. पाइप पहिल्यांदा पातळ केला तिथपासूनच्या सगळ्या परत बोलवायच्या. आज, आत्ता. उद्याची वाट बघायची नाही."

"ताई! अकरा हजार होतील!"

"मोजल्यात मी. पगार एकाचाही थांबणार नाही, बाकी सगळं थांबेल. कागद कर, त्यावर पहिली सही माझी, दुसरी तुझी." मग त्या फूटपट्टीकडे वळल्या. "आणि तू, उद्या तपासनीसांसमोर ढिगातली शिडी लाव. कुठलीही. डोळे मिटून उचल."

काका दाराकडे निघाले होते.

"कुठे निघालात?"

"दवाखान्यात," काका म्हणाले. "ते पत्र परत घ्यायला कुणीतरी जायला पाहिजे."

७

रंगारी खिडकीजवळच्या खाटेवर उताणा पडला होता. नखांच्या कडेनं अजून पांढरा रंग होता. बायको उशाशी बसून त्याचे पाय दाबत होती. त्या पायांना ते कळत होतं की नाही, देव जाणे.

काकांनी कारखान्याचं नाव सांगितलं, तसा तो उठायची धडपड करू लागला. "बसा साहेब, बसा. खुर्ची दे गं यांना. तुमच्याकडे माझ्यापायी कुणाला त्रास तर नाही ना झाला? ते पत्र वाचलं मी. बरोबर लिहिलंय. वीस वर्षं शिडीवर काढली, पण त्या दिवशी लावताना माझंच काहीतरी चुकलं असणार."

"तुमचं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "शिडी आमची चुकली."

"छे हो! तुमच्या शिड्या तपासलेल्या असतात."

"नव्हती तपासली. ती तपासायचं काम माझं होतं. मी दुसरीच तपासत होतो, वर्षानुवर्षं." काकांचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस वळवून बघू लागला. "शिडी पातळ होती. पायरी मोडणारच होती. तुम्ही कशीही लावली असती तरी मोडली असती."

रंगाऱ्यानं नकारार्थी मान हलवली. त्याला ते पटत नव्हतं. काकांनी पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्यापासून, पोती आणि वस्ताद आणि सही, एकेक शब्द सुटा करून. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

बायकोचे हात केव्हाच थांबले होते. ती काकांकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"पंधरा दिवस," ती म्हणाली, "हे रोज सकाळी डोळे उघडले की माझी माफी मागतात. माझ्या हलगर्जीपणानं तुझं वाटोळं केलं म्हणतात. काल पोरीला जवळ बोलावून तिची मागितली." मग ती काकांकडे वळली. "त्या माफ्या आता कुणाकडून परत घ्यायच्या?"

काका हात जोडून तसेच उभे राहिले. तिनं पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत.